धुऱ्यावरचं गवत आणि जुना ट्रॅक्टर

"कशाला एवढा खटाटोप? औषध मार ना!"

जुन्या ट्रॅक्टरला त्याहून जुनं गवत कापायचं मोवर जोडतोय म्हटल्यावर आमच्या जाममध्ये दहातल्या आठ जणांनी मला हेच ऐकवलं. औषध म्हणजे तणनाशक. विषाला औषध म्हणायची सवय आपल्याला कधी लागली कोण जाणे. असो.

मला त्या आठ जणांशी भांडायचं नाही. पण गंमत बघा. पावसाळ्यात धुऱ्यावर आणि पडीत तुकड्यावर मारवेल, पवना असं गुरांनी चवीनं खावं असं गवत उभं असतं. ते आपण फवारून जाळतो, नाहीतर उन्हाळ्यात काडी लावतो. आणि त्याच उन्हाळ्यात कुटार विकत घ्यायला गावोगाव फिरतो. ज्या जिल्ह्यानं गवळाऊसारखी गाय दिली, तिथं चाऱ्याची ही तऱ्हा!

तुम्ही म्हणाल, मजूर लावून कापून घ्या. इथंच खरी अडचण आहे. गवत फुलोऱ्यावर आलं की कापायचं, तेव्हाच त्यात कस असतो. वाळून काडी झाली की नुसतं पोट भरतं. आणि हा फुलोरा नेमका दसऱ्याच्या आगेमागे. तेव्हाच सोयाबीनची सोंगणी, त्यामागोमाग कापसाचा वेचा. एकरी ठेक्यानं सोंगणी करणाऱ्या बाया धुऱ्यावरचं गवत कापायला का येतील? त्यांचंही बरोबरच आहे.

म्हणून मोवर. एका बंद पडलेल्या डेअरीच्या भंगारातून आलेलं, पाच फुटी. लांब पट्टीवर तिकोनी पाती रिव्हेट केलेली, ती लोखंडी बोटांमधून डावी-उजवीकडे सरकतात, म्हणजे कात्रीच म्हणा. ट्रॅक्टर वडिलांच्या वेळचा, महिंद्राचा बी-२७५, पस्तीस घोड्यांचा. या दोघांची सोयरीक मला फार आवडते. अशी सरकती पाती लावून सायरस मॅककॉर्मिकनं अमेरिकेत १८३१ मध्ये कापणीयंत्र चालवून दाखवलं. त्याच्या घराण्याची कंपनी १९०२ मध्ये इतरांबरोबर एक होऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली, आणि १९६३ मध्ये महिंद्रानं ट्रॅक्टरसाठी हात मिळवला तो याच इंटरनॅशनलशी. म्हणजे मी परकी नाही, नात्यातलीच जोडी लावतोय!

जोडायला तसं अवघड काही नाही. मागचे तीन दुवे, पीटीओचा शाफ्ट, झालं. पण नुसतं जोडलं म्हणजे कापत नाही. मोवर एका बाजूला लोंबतं, म्हणून खालच्या दोन्ही दांड्यांच्या साखळ्या कसून घ्यायच्या, नाहीतर ते शेपटासारखं हलतं. कटरबारचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं पुढे ठेवायचं. जुना हिशेब फुटाला पाव इंच, म्हणजे पाच फुटाला सव्वा इंच. गवताच्या रेट्यानं ते मागे दबतं आणि चालताना सरळ येतं. दोरी धरून मोजलं की कळतं. तिसरी गोष्ट, सरकून थांबताना प्रत्येक पातं बोटाच्या मधोमध थांबलं पाहिजे. तसं नसेल तर गवत कापलं जात नाही, चावलं जातं.

पात्यांना हलवणारा दांडा लाकडी आहे. आमच्या सुतारानं पाहिल्या पाहिल्या विचारलं, "भाऊ, हा लोखंडाचा काऊन नाही करत?" नाही करत, कारण पातं दगडाला अडलं की मोडायला काहीतरी स्वस्त हवं. बाभळीचा दांडा मोडला तर दुसरा होतो, गिअर मोडला तर मोवर पुन्हा भंगारात. हे सांगितल्यावर त्यानं दांडा असा काही रंधला की बघत राहावं. आणि पाती? हार्वेस्टरचीही तीन इंचीच असतात. छिद्रं जुळवून घेतली की बसतात. पंजाबचे हार्वेस्टर आमच्या हायवेवरून जातात, त्यांचे पार्ट विकणाऱ्यांच्या कृपेनं माझं मोवर चालतं.

आता "मग सोयाबीनच काप ना त्यानं," असं म्हणणारेही भेटले. मी कापत नाही. खालच्या शेंगा जमिनीला टेकलेल्या, वाळलेलं झाड, त्यात पात्यांचा थरथराट. दाणे मातीत जातात. त्याला विळाच बरा, किंवा हार्वेस्टर. प्रत्येक यंत्रानं सगळं करावं हा हट्ट कशाला? इथून वर्ध्याकडे निघालं की वाटेत सेवाग्राम. त्यामुळे यंत्राचा विषय निघाला की बापू आणावेच लागतात. पण त्यांनीही १९२४ मध्ये सिंगरचं शिवणयंत्र अपवाद म्हणून काढून ठेवलंच होतं. माझ्या यादीत हे मोवर आहे. फिरत्या पात्याचं स्लॅशर गवताचा भुगा करतं, माती मिसळून. मोवर एकदाच कापतं आणि गवत अख्खं आडवं निजवतं. दोन दिवस वाळवा, गोळा करा, गंजी लावा.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसतो. पीटीओच्या शाफ्टवर झाकण हवंच. आपल्याकडे नव्या अवजारावरचंसुद्धा झाकण पहिल्या आठवड्यात काढून फेकतात, "ग्रीस मारायला आडवं येतं" म्हणून. मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, दुपट्टा, धोतराचा सोगा अडकला तर "अरे" म्हणायच्या आत सगळं संपलेलं असतं. जुन्या मोवरला झाकण नव्हतंच, ते पत्र्याचं करून घेतलं. दुसरं म्हणजे, आमच्यासारख्या एका क्लचच्या ट्रॅक्टरला क्लच दाबला की चाकं थांबतात आणि पातीही थांबतात. पुन्हा क्लच सोडला की पाती लगेच सुरू! तेव्हा अडकलेलं गवत काढायचं तर पीटीओ सोडवून, इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालूनच. हे ज्याला जमत नसेल त्यानं खरंच औषध मारावं.

अनुदानाबद्दलही बोलतोच. नवीन अवजार घ्या, अनुदान आहे, आणि ते असावंच. पण सुताराचा दांडा, वेल्डरचं झाकण, रिव्हेट केलेली पाती कुठल्याच यादीत बसत नाहीत. तालुक्यात कितीतरी जुने ट्रॅक्टर वर्षातले बरेच महिने गोठ्याशेजारी कोंबड्यांना बसायला उभे असतात. त्यांच्या दुरुस्तीवर चार पैसे मिळाले तर धुऱ्यावरचं बरंच विष वाचेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाभळीचे दोन दांडे जास्तीचे करून ठेवलेत. पाऊस उघडून काळी जमीन ट्रॅक्टर पेलायला लागली की धुऱ्यावर उतरायचं. कोणाला बघायचं असेल तर या, फक्त दुपट्टा घरी ठेवून.