झाड नाहीं, वळण नाहीं

रेल्वेचें वेळापत्रक हातीं पडलें कीं त्यांतील स्थानकांचीं नांवें वाचीत बसण्याची आम्हांस जुनी खोड आहे. परवां ऑस्ट्रेलियांतील पोर्ट ऑगस्टा ते कालगुर्ली या लोहमार्गाचीं नांवें पाहत होतों. हा मार्ग ज्या नलारबॉर मैदानांतून जातो, त्याचें नांवच लॅटिन शब्दांवरून ‘एकहि झाड नाहीं’ अशा अर्थाचें आहे. भूमि चुनखडीची, पडलेलें थोडेंबहुत पाणी भेगांतून खालीं गुहांत उतरतें. डोंगर नाहीं, ओढा नाहीं, मग रूळ वळवावयाचा कशासाठीं? ४७८ किलोमीटर तो अगदीं सरळ गेला आहे.

अशा मुलखांत स्थानकास नांव द्यावें तरी कशावरून? आमच्याकडे वड, तळें, देऊळ कांहीं तरी असतेंच. तेथें पंतप्रधानांचीं नांवें कामीं आलीं: बार्टन, डीकिन, वॉट्सन, रीड, फिशर, कुक. यांपैकीं कोणी तेथें बिऱ्हाड केलें नाहीं, हें सांगणें नकोच!

ऊल्डिया हें नांव मात्र मूळच्या रहिवाशांचें. तेथें वाळूच्या टेकड्यांत झिरपणीचें गोडें पाणी होतें. दूरदूरच्या टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जमत. दोन्ही बाजूंचे रूळ १७ ऑक्टोबर १९१७ रोजीं तेथेंच जुळले. वाफेच्या एंजिनांची तहान मोठी; रेल्वेनें विहिरी खणून उपसा चालविला. खालचा चिकणमातीचा थर भेदला गेला, खारें पाणी शिरलें, आणि १९२६ सालीं उपसा सोडून द्यावा लागला. १९५१ सालीं डिझेल एंजिनें आलीं. त्यांस वाफेसाठीं पाणी नकोच होतें.