पाळण्याची दोरी एकाच हाती का?

कुशीत गाढ झोपलेले तान्हे बाळ पाळण्यात ठेवावे आणि पाठ टेकताच त्याने डोळे उघडून टाहो फोडावा, हा अनुभव आज घरोघरी येतो. वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजारसारख्या बाजारपेठेच्या गावातही आता लाकडी कठड्यांचे, जाळीचे, चाकांचे ‘बेबी कॉट’ येऊ लागले आहेत. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली लेक बाळंतपणासाठी माहेरी येते. इथे बाळ आजीच्या मांडीवर, मावशीच्या खांद्यावर, आजोबांच्या हातांवर झोपते. सव्वा महिन्यानंतर किंवा फार तर तीन महिन्यांनी ती परत जाते. गावाजवळून गेलेल्या समृद्धी महामार्गाने हा प्रवास सोपा केला, पण त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असते दोन खोल्यांची सदनिका, एक महागडा कॉट आणि रात्रभर जागणारी एकटी आई. काल सुखाने झोपणारे बाळ आज का झोपत नाही, हा प्रश्न तिला छळू लागतो.

या प्रश्नावर दोन ठरावीक निवाडे तयार असतात. जुन्या वळणाची मंडळी म्हणतात, ‘आजकालच्या मुलींना मूल सांभाळताच येत नाही.’ नव्या वळणाची मंडळी म्हणतात, ‘तुम्ही त्याला हातांची सवय लावलीत, आता रडू द्या, आपोआप शिकेल.’ पहिला निवाडा आईला दोषी ठरवतो, दुसरा बाळाला. वास्तविक या प्रकरणात दोघेही निर्दोष आहेत.

तान्ह्या बाळाची झोप हा आता प्रयोगशाळेतही अभ्यासाचा विषय झाला आहे. जपानमधील रिकेन या संशोधन संस्थेतील कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली २१ बाळांवर केलेले निरीक्षण प्रसिद्ध केले. आईने उचलून घेऊन चालणे, आईने नुसते धरून बसणे, स्थिर पाळण्यात निजवणे आणि हलत्या पाळण्यात निजवणे अशा चार अवस्थांत बाळांच्या हृदयाचे ठोके मोजण्यात आले. आई चालू लागली किंवा पाळणा हलू लागला की रडे ओसरत होते. स्थिर पाळण्यात आणि नुसते धरून बसण्यात ते ओसरत नव्हते. पाच मिनिटे चालल्यावर रडणारी जवळजवळ निम्मी बाळे झोपी गेली. आणि सर्वांत बोलकी गोष्ट ही की, बाळाचे अंग आईच्या अंगापासून सुटू लागताच त्याच्या हृदयाची गती वाढत होती. म्हणून या संशोधकांचा सल्ला साधा आहे : पाच मिनिटे उचलून चाला, बाळ झोपले की आणखी पाच ते आठ मिनिटे घेऊन बसा आणि मगच खाली ठेवा. आपल्या आज्या हेच करीत होत्या. फरक इतकाच की त्यांनी ठोके मोजले नव्हते.

मग बाळाने स्थिर बिछान्यात, एकट्याने, ठरल्या वेळी झोपावे ही अपेक्षा आली कुठून? तिचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत १८९४ साली ल्यूथर एमेट होल्ट या बालरोगतज्ज्ञाने लिहिलेल्या बालसंगोपनाच्या पुस्तकात बाळाला झोके देऊन निजवण्याची सवय अनावश्यक आणि अनिष्ट ठरवली गेली. १९२८ साली जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने तर मुलांना मिठी मारू नये, त्यांचे मुके घेऊ नयेत, असाच उपदेश केला. कारखान्याच्या भोंग्यावर चालणाऱ्या समाजाला घड्याळावर झोपणारे मूल हवे होते. पुढे त्याच अमेरिकेत या मतांचा बराच फेरविचार झाला. आपल्याकडे मात्र त्यातला शिळा भाग आधुनिकतेच्या नावाने आज विकला जातो.

आपल्या परंपरेने बाळाची ही गरज ओळखली होती. म्हणूनच आपला पाळणा मुळात हलता आहे. वऱ्हाडी बोलीतला ‘पायना’ असो की धुऱ्यावरच्या निंबाला बांधलेली लुगड्याची झोळी असो, त्यांचा अर्थ एकच : बाळाला हालचाल हवी आणि दोरी हलवणारा हात हवा. बारशाला बाळाला पाळण्यात घालताना बायका ज्या घोळक्याने जमतात, त्याकडे या दृष्टीने पाहावे. त्या घोळक्यात बाळाला ओळखीचे होणारे अनेक हात असतात. रामनवमीला मंदिरात पाळणा हलतो तेव्हाही दोरी ओढण्यासाठी सारा गाव पुढे सरसावतो. पाळण्याची दोरी जिच्या हाती तिच्यावर जगाच्या उद्धाराचा भार टाकणारी म्हण मात्र आपण कौतुकाने सांगत राहिलो आणि ती दोरी हळूहळू एकाच हाती उरली, हे आपल्या लक्षातही आले नाही.

सोन्याचा मुलामा नको

अर्थात जुने ते सारे सोने होते, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हात कमी पडले की काय घडते, याचा एक काळाकुट्ट अध्याय महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत असत. मूल दिवसभर निपचित पडून राही. त्या माता निर्दय नव्हत्या. गाव मागे सुटले होते, घरात दुसरे माणूस नव्हते आणि पाळी चुकली तर मजुरी बुडत होती. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही श्रम आयोगानेही या प्रथेची दखल घेतली. त्याआधी, १९२८ साली, मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना सांगितले होते की, मातेला या काळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. बाळाची झोप हा केवळ घरगुती प्रश्न नाही, हे त्या पिढीला उमगले होते.

आज स्थिती काय आहे? २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील मातांची पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. ही निश्चितच स्वागतार्ह गोष्ट. पण सोयाबीनच्या निंदणाला किंवा सोंगणीला जाणाऱ्या मजूर बाईला रजा कोण देणार? तिचे बाळ धुऱ्यावरच्या झोळीत असते आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला असते त्याची सहा-सात वर्षांची बहीण, जिने त्या वेळी शाळेत असायला हवे.

झोळी माऊलीसारखी ऊबदार असली तरी तिच्यात धोका आहे. तान्ह्याची हनुवटी छातीवर टेकली की श्वासमार्ग दबतो, म्हणून झोळीतल्या बाळावर मोठ्या माणसाची नजर हवीच आणि मूल कुशीवर वळू लागले की झोळी बंद करावी. झोपेबाबत वैद्यकशास्त्राचे सांगणेही ऐकले पाहिजे. बाळाला नेहमी उताणे निजवावे. बिछाना सपाट व घट्ट असावा. डोक्याला आकार यावा म्हणून ठेवली जाणारी मोहरीची उशी, जाड दुलई, खेळणी बाळाजवळ नसावीत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिले किमान सहा महिने बाळाचा बिछाना वेगळा पण आईच्याच खोलीत ठेवायला सांगते. म्हणजे कॉट टाकून द्यायचे कारण नाही. तो आईच्या खाटेला लागून असावा. दारू प्यालेल्या किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या शेजारी बाळाला कदापि निजवू नये. झोपेचे औषध, बाजारी गुटी स्वतःच्या मनाने देणे म्हणजे त्या बाळागोळीकडेच परत जाणे. आणि बाळ दूध सोडून देत असेल, अंग तापलेले किंवा थंडगार असेल, तर झोके देत न बसता आशाताईंना बोलवावे, डॉक्टरांकडे न्यावे.

यापुढचे काम घरातील पुरुषांचे आणि गावाचे आहे. बाप खांद्यावर बाळ घेऊन पाच मिनिटे ओसरीत फिरला तर त्याचा पुरुषार्थ कमी होत नाही. रात्रीच्या एका प्रहराची जबाबदारी त्याने घेतली, तर त्या माऊलीला सलग तीन तास झोप मिळेल, आणि तेवढी झोप पुष्कळदा तिचा कोलमडणारा धीर सावरते. सुनेचे मूल रडते म्हणून तिचे वाभाडे काढण्याऐवजी सासूने बाळ मागून घ्यावे. शहरात आजी नसेल तर शेजारी तरी असतो. त्याच्या दारावर टकटक करण्याचा संकोच सोडावा लागेल.

आणि शेतमजूर मातेसाठी? २०२२ साली केंद्र सरकारने जुन्या पाळणाघर योजनेची ‘मिशन शक्ती’खाली पुनर्रचना केली आणि तिला नावच ‘पाळणा’ दिले. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडीला जोडून दिवसभराचा सांभाळ मिळावा, ही तिची कल्पना. रस्ते, गटारे, सभामंडप यांची मागणी आपल्या ग्रामसभांत हिरिरीने होते. शेलूबाजार आणि पंचक्रोशीतील ग्रामसभांनी पुढच्या पेरणीआधी अंगणवाडीत पाळणाघराचा ठराव करून तालुक्याला पाठवावा. बचत गटांच्या भगिनींनी त्यासाठी सरपंचांचा पिच्छा पुरवावा. त्याने त्या सहा-सात वर्षांच्या बहिणीची शाळाही वाचेल.

रडणारे बाळ माणसाचा हात मागत असते. तो हात आईचा, बापाचा, आजीचा, शेजारणीचा किंवा अंगणवाडीताईचा असू शकतो. कोणत्या घरात संस्कार शिल्लक आहेत हे देवघरापेक्षाही रात्री दोन वाजता ओळखता येते : बाळ रडू लागल्यावर त्या घरात आईखेरीज आणखी कोण उठते, एवढेच पाहावे.