आधी काम ठरवा, मग योजना शोधा



"साहेब, आमच्या गावाला एखादी योजना द्या," असे सांगणारी मंडळी गावोगाव भेटतात. "काम कोणते करायचे आहे?" असे विचारले की उत्तर येते, "जे मिळेल ते." गावाचे घोडे अडते ते इथेच. जे मिळेल ते घ्यायचे ठरवले, म्हणजे पाण्यासाठी वणवण करणाऱ्या गावात सभामंडप उभा राहतो आणि पाझर तलाव गाळाने भरलेलाच राहतो. पैसा सरकारचा असला तरी जागा आपली जाते, वेळ आपला जातो, आणि पुढची पाच-दहा वर्षे गावाचे दुखणे तसेच राहते.

म्हणून या आठवड्यात एकच गोष्ट सांगायची आहे. आधी गावाने काम ठरवावे, मग त्या कामाला पैसा कोणत्या थैलीतून येईल ते पाहावे.

आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातले उदाहरण घ्या. राष्ट्रीय महामार्गांची कामे निघाली तेव्हा ठेकेदारांना भरावासाठी माती-मुरूम हवा होता. गावांना तलाव, नाले खोल करून हवे होते. तलाव आणि नाल्यांतला माती-मुरूम रस्त्याला दिला, रस्ता झाला आणि पाणी साठवायला जागाही झाली. खोदाईसाठी वेगळा निधी मागावा लागला नाही. ही पद्धत पुढे 'बुलढाणा पॅटर्न' या नावाने देशभर सांगितली गेली. यातला धडा असा की, रस्त्याच्या पैशावर 'तलाव' असे कुठेही लिहिलेले नव्हते. ज्यांना आपले काम ठाऊक होते, त्यांनाच तो पैसा आपल्या उपयोगाचा आहे हे दिसले.

आता थैल्या कोणत्या, ते पाहू.

पहिली थैली ग्रामपंचायतीच्या घरातलीच आहे, ती म्हणजे केंद्रीय वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१ ते २०२६ या वर्षांत, यातला ६० टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेला होता आणि ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होता. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ धरलेला आहे, तेव्हा वाटणीचे नियम ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, म्हणजे आपल्या ग्रामसेवकाकडून, समजून घ्या. हा पैसा ग्रामपंचायत विकास आराखड्यात लिहिलेल्या कामावरच खर्च होतो. आराखड्यात नाव नाही, तर काम नाही.

दुसरी थैली जिल्ह्याची. जिल्हा नियोजन समितीचा निधी, आमदार आणि खासदारांचा स्थानिक विकास निधी यांत येतो. आमदार-खासदार कामाची शिफारस करतात, मंजुरी मात्र जिल्हा प्रशासनाकडून मिळते. नुसता शब्द मिळाला म्हणून गावात पेढे वाटू नयेत.

तिसरी थैली प्रकल्पांची. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला आपण 'पोकरा' म्हणतो, जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ साली १५ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात बुलढाणा होता आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची गावेही होती. दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांसाठी आहे. पण लाभ निवडलेल्या गावांनाच मिळतो. आपले गाव यादीत आहे का, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या कृषी सहायकाला, विचारा.

चौथी थैली गाळाची. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ साली नव्या रूपात आली. त्या निर्णयाप्रमाणे यंत्र आणि इंधनाचा खर्च योजनेतून, आणि अत्यल्प व अल्पभूधारक शेतकऱ्याला गाळ वाहून पसरण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी कमाल १५ हजार रुपये, अडीच एकरापर्यंत. विधवा व अपंग शेतकरी आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबे यांनाही हा लाभ ठेवलेला आहे. एकरावर ४०० घनमीटर गाळ पसरला तर सुमारे चार इंचांचा थर बसतो. तो हलक्या, मुरमाड रानात टाका. भारी काळ्या जमिनीत टाकून निचरा बिघडवू नका. टाकण्याआधी गाळ तपासून घ्या. आणि गाळाच्या नावाखाली वाळू उचलायला पूर्ण बंदी आहे, हेही ध्यानात असू द्या.

इथे एक खुलासा करतो. प्रत्येक योजना म्हणजे अनुदान नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून गोदाम किंवा प्रतवारी केंद्र उभारता येते, पण ते कर्ज असते. सवलत आहे ती व्याजात, वर्षाला ३ टक्के, २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर, ७ वर्षांपर्यंत. मुद्दल फेडावेच लागते. गटाने सही करण्यापूर्वी हा फरक सर्व सभासदांना समजला पाहिजे.

थैल्या झाल्या. आता गावाची तयारी. कोणत्याही कामाचा कागद हलवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, काम कोणाच्या गरजेचे? हे ठरवायला शिवारफेरी करा. नाल्यापासून माथ्यापर्यंत पायी फिरा. मोताळा तालुक्यातील सिंदखेड या गावाने २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात संयुक्त दुसरा क्रमांक मिळवला. त्या स्पर्धेत गावकरी आधी प्रशिक्षण घेत, शिवाराचे पाणी मोजत, आणि मग ४५ दिवस श्रमदान करत. बक्षिसाच्या आधी घाम आणि घामाच्या आधी विचार, असा तो क्रम होता.

दुसरा प्रश्न, जागा कोणाची? अनेक चांगली कामे इथेच मरतात. जागा ग्रामपंचायतीच्या नावे आहे का, गायरान आहे का, वनखात्याची आहे का, खासगी असेल तर मालकाने लेखी दिले आहे का? तोंडी 'हो'वर भिंत उभी करू नका. भाऊबंदकीत ती भिंत अर्धीच राहते.

तिसरा प्रश्न, झाल्यावर सांभाळणार कोण? १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडली, माती वाहिली, पाझर तलाव बांधले. अशा किती तलावांत आज गाळ आहे ते तुम्हीच पाहता. नळयोजनेचेही तसेच. टाकी बांधायला पैसा मिळतो, विजेचे बिल मात्र गावाला भरावे लागते. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या कामाच्या खर्चाचा १० टक्के, तर डोंगराळ, जंगलाच्या आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत ५ टक्के लोकवाटा ठेवला, तो गावाला काम आपले वाटावे म्हणून. पाणीपट्टी वसूल होणार नसेल तर ती टाकी फक्त कबुतरांच्या कामाची.

तीनही प्रश्नांची उत्तरे मिळाली की ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावावर तारीख, क्रमांक, सूचक, अनुमोदक हवेत. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. मग अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्या. ठरावाची प्रत, जागेचा उतारा, अंदाजपत्रक आणि जागेचा फोटो एका फाइलमध्ये लावून ठेवा. मार्च जवळ आला की निधी खर्ची घालण्याची घाई सुरू होते, आणि त्या वेळी ज्याची फाइल तयार त्याचे काम आधी होते. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

"मंजुरी आणून देतो, एवढे पैसे द्या," असे सांगणारा कोणी दारी आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. मंजुरीला दलाल लागत नाही. आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च 'ई-ग्रामस्वराज'वर कोणालाही पाहता येतो. घरातल्या शिकलेल्या मुलीला मोबाइलवर तो उघडून वाचून दाखवायला सांगा.

भगिनींनो, तुम्हाला वेगळे सांगतो. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची कायद्यातच तरतूद आहे. पाणी कुठून आणावे लागते आणि किती खेपा होतात, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक नाही. ते तिथे बोला आणि लिहून घ्यायला लावा.

पुढच्या ग्रामसभेपूर्वी घरोघरी एवढाच प्रश्न विचारा, "गावातले एकच काम होणार असेल, तर कोणते व्हावे?" जे नाव सर्वांत जास्त तोंडी येईल, त्याची फाइल त्याच आठवड्यात उघडा.