घंटा कोणीं वाजवावी?



शाळेची पहिली घंटा ठरल्या वेळीं वाजते. आवारांत एकही विद्यार्थी आलेला नसला तरी शिपाई ती वाजवितोच. समजा, त्यानें असा नेम केला कीं, फाटकांतून कोणी आंत आलें म्हणजेच घड्याळ पाहावयाचें, आणि वेळ होऊन गेली असेल तर टोल द्यावयाचा. तर त्यास आपण कर्तव्यदक्ष म्हणूं काय? गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या संकेतस्थळानें आम्हांस नेमका असाच अनुभव दिला.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत बुधवारीं संपावयाची होती. तिची आठवण देणारा ई-मेल पालकांस सोमवारीं सकाळीं सात वाजतां जावा, अशी योजना मीं आधींच करून ठेविली होती. तो गेला गुरुवारीं. एक माता त्याचीच वाट पाहत राहिली व तिच्या मुलाचा अर्ज राहून गेला. क्षमा मागून भरून येणारी ही हानि नव्हे. चौकशी करतां आढळलें कीं, यंत्र बिघडलें नव्हतें. अज्ञान माझें होतें.

आमचें संकेतस्थळ वर्डप्रेस नांवाच्या प्रणालीवर चालतें. ती २००३ सालीं निघाली. ठरल्या वेळीं लेख प्रसिद्ध करणें, नवी आवृत्ति आली आहे काय तें पाहणें, टाकून दिलेले जुने लेख कायमचे काढणें, अशीं कामें ती पडद्याआड करीत असते. या कामांची यादी तिच्याजवळ असते. परंतु स्वतः होऊन चालणारें घड्याळ तिच्याजवळ नाहीं. कोणी वाचकानें पान उघडलें म्हणजे ती यादी पाहते व ज्यांची वेळ होऊन गेली असेल तीं कामें हातीं घेते. वाचक न आल्यास काम पडून राहतें. शिवाय, पानें लवकर दिसावीं म्हणून त्यांच्या तयार प्रती साठविण्याची सोय पुष्कळ ठिकाणीं असते. वाचकास अशी प्रत मिळाली तर मूळ प्रणालीस जागच येत नाहीं. सुटीचे दिवस, थोडे वाचक आणि साठविलेल्या प्रती, असा तिहेरी योग आमच्या वांट्यास आला.

या रचनेस नुसतीं नांवें ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. स्वस्त भाड्याच्या जागेवर संकेतस्थळ चालविणाऱ्या अनेकांस सर्व्हरच्या घड्याळास हात लावण्याची मुभा नसते. त्यांचेंही काम या तजविजीमुळें चालतें. परंतु ज्यांस ती मुभा आहे त्यांनीं वाचकांच्या पावलांवर विसंबून राहूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

युनिक्स प्रणालींत याकरितां क्रॉन नांवाचा कार्यक्रम आहे. तो १९७९ सालच्या सातव्या आवृत्तींतही होता. तो दर मिनिटास आपली यादी पाहतो. यादीच्या ओळींत आरंभीं पांच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना व वार. पहिल्यांत शून्य, दुसऱ्यांत सात, पुढील दोहोंत तारकाचिन्ह आणि पांचव्यांत एक लिहिलें कीं, दर सोमवारीं सकाळीं सात वाजतां काम होतें. मात्र सर्व्हरचें घड्याळ पुष्कळदां जागतिक प्रमाणवेळेवर लाविलेलें असतें. तेथील सकाळचे सात म्हणजे आपल्याकडील दुपारचे साडेबारा!

दर पांच मिनिटांनीं वर्डप्रेसच्या कामांच्या यादीस हांक मारण्याची आज्ञा क्रॉनला द्यावी, आणि ती नीट चालली असें पाहिल्यावरच वाचकांवर अवलंबून असलेली जुनी सोय बंद करावी. हा क्रम चुकला, म्हणजे जुनी सोय बंद झाली व नवी सुरू झाली नाहीं, तर एकही काम होणार नाहीं.

आम्हीं आतां ही व्यवस्था केली आहे. तरीही महत्त्वाचें पत्र गेलें कीं नाहीं, हें मी त्या दिवशीं स्वतः पाहतों. मित्रहो, काम नेमून देणें आणि काम पुरें होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली यंत्रावर सोंपवावी. दुसरीची जबाबदारी मात्र माणसाचीच राहते. घंटा शिपायानें वाजवावी हें खरें. पण ती वाजली कीं नाहीं, इकडे शिक्षकाचा कान असलाच पाहिजे.