कंबर बाईची, हिशेब हजाराचा

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांची कंबर, मान का दुखते, हे सांगायला संशोधक नको. मांडीवर सूप, मान खाली, पाठीला पोक आणि तासन्‌तास चालणारी बोटं! मग मलम चोळायचं, पट्टा बांधायचा, नाहीतर ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ म्हणून गप्प बसायचं.

2020 साली जगात सुमारे 61.9 कोटी लोकांना कंबरदुखी होती. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना दिल्या. व्यायाम करा, हालतं-फिरतं राहा, दुखणं समजून घ्या. पट्टा आणि ट्रॅक्शन सरसकट नको. (पाय बधिर होत असतील, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.)

सल्ला बिनखर्चाचा वाटतो ना? पण मजुरी मिळते हजार विड्यांमागे. तासाला पाच मिनिटं उठायचं म्हणजे तेवढ्या विड्या कमी! 1966 च्या कायद्यानं घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं, पण तिच्या घरात मधल्या सुट्टीची घंटा कोण वाजवणार?

कुंभारीत 2006 साली विडी कामगार बायकांसाठी 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. अशा वस्तीत आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट यायला हवा. आणि मैत्रिणींनो, मला विचाराल तर त्या पाच मिनिटांचे पैसे मजुरीच्या दरातच धरायला हवेत. नाहीतर व्यायामाचा कागद सुपाखालीच राहायचा.