सुधारणा चिमणीवर थांबू नये

गडचांदूर, आवाळपूर, उपरवाही ही चंद्रपूर जिल्ह्यातली नावे घेतली की सिमेंट आठवते. राजुरा-कोरपना पट्ट्यातल्या चुनखडीवर सुमारे चार दशके सिमेंट कारखाने चालले आहेत. या काळात त्यांच्या चिमण्यांमध्ये खराच फरक पडला आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. मात्र गोण्या लादणारा कंत्राटी कामगार, खाणीत भोके पाडणारा ड्रिल ऑपरेटर आणि कुंपणाला लागून पऱ्हाटी पेरणारा शेतकरी यांच्या वाट्याला ही सुधारणा अजून पुरेशी आलेली नाही. सिमेंट उद्योगाच्या पर्यावरणनिष्ठेची पुढची परीक्षा या तिघांकडे पाहूनच घ्यावी लागेल.

आधी जे झाले ते सांगू. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि देशातल्या अतिप्रदूषित क्षेत्रांत ते वरच्या क्रमांकावर गेले. जानेवारी २०१० मध्ये इथल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या रोखल्या गेल्या. पुढे ऑगस्ट २०१४ च्या अधिसूचनेने सिमेंट कारखान्यांची धुळीची मर्यादा घनमीटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली. एके काळी दीडशे मिलिग्रॅम आणि त्याहूनही जास्त धूळ नियमात बसत असे. त्याच वर्षी प्रदूषणकारी उद्योगांच्या १७ प्रकारांना चिमणीवर सतत मोजणारी यंत्रे बसवून त्यांचे आकडे थेट मंडळाला पाठवण्याचे आदेश निघाले. त्यांत सिमेंटही होते.

नियम कडक झाले की यंत्रे बदलतात. जुन्या भट्ट्यांवर विजेच्या दाबाने धूळ पकडणारे ईएसपी असत. भट्टीची घडी विस्कटून कार्बन मोनॉक्साइड वाढला की स्फोटाच्या भीतीने त्यांचा वीजपुरवठा आपोआप तुटतो आणि तेवढा वेळ धूळ सरळ आभाळात जाते. कापडी पिशव्यांमधून वायू गाळणाऱ्या बॅग फिल्टरमध्ये अशी फट राहत नाही. त्याच्या जोडीला बंदिस्त कन्व्हेअर, भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीजनिर्मिती आणि औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचा सिमेंटमध्ये वापर हेही आले. हे सारे खर्चिक काम होते. कायद्याने भाग पाडले म्हणून झाले असले, तरी झाले. यातून घेण्यासारखा धडा सरळ आहे. जे मोजले गेले आणि ज्याला मर्यादा घातली गेली, ते सुधारले.

आता पॅकिंग विभागात जाऊ. फिरत्या पॅकरच्या नळीवर गोणी चढते, ५० किलो भरताच सुटते आणि पट्ट्यावरून ट्रककडे सरकते. गोणीचे तोंड नीट बसले नाही किंवा शिवण उसवली की करड्या धुळीचा लोट उठतो. ट्रकमध्ये उभा असलेला लोडर गोणी ओढून थर लावतो, आणि प्रत्येक गोणी आपटताना धूळ पुन्हा उडते. त्याच्या तोंडाला बऱ्याचदा दुपट्टा बांधलेला असतो. श्वासाबरोबर खोल जाणारे बारीक कण दुपट्ट्याने अडत नाहीत. घामाने भिजलेल्या मानेवर, मनगटांवर सिमेंट बसले की ते तीव्र अल्कलीसारखे वागते. कातडी आधी कोरडी पडते, मग भेगाळते, काहींना कायमची खाज लागते. सिमेंटमधले पाण्यात विरघळणारे क्रोमियम हे या त्वचारोगाचे एक मोठे कारण आहे. युरोपने २००५ पासून त्यावर दहा लाखांत दोन भाग अशी मर्यादा घातली आणि सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून ती पाळताही येते. आपल्याकडे हा विषय कामगारांच्या मागण्यांतसुद्धा क्वचितच येतो.

पॅकिंगचे आणि लादणीचे काम बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडे असते. ठेकेदार बदलला की हजेरीपट बदलतो, गेटपास बदलतो आणि कामगाराच्या आरोग्याचा मागचा इतिहास कोणाच्या तरी कपाटात राहतो. खाणीत याचे परिणाम अधिक गंभीर होतात. चुनखडीत सिलिकाचे प्रमाण कमी असले, तरी तिच्यावरच्या आणि मधल्या थरांत वाळूचा दगड, शेल, क्वार्ट्झ असू शकतात. ड्रिल कोरडे चालवले तर तीच धूळ ऑपरेटरच्या छातीत जाते. सिलिकोसिस दहा-वीस वर्षांनी डोके वर काढतो आणि एकदा झाला की बरा होत नाही. खाण नियमांनी कामावर घेताना आणि त्यानंतर ठरावीक वर्षांनी तपासणी सक्तीची केली, सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याचा रोग ठरवला. पण ज्याची नोंद एका ठेक्यापुरतीच टिकते, त्याचा वीस वर्षांनी दिसणारा रोग कोणत्या कागदावर सापडणार?

तिसरा माणूस कुंपणाबाहेरचा. कापूस फुटतो तेव्हा हिवाळा लागलेला असतो. पहाटेच्या दवाने ओल्या पानांवर धूळ बसते आणि ऊन चढले की तिचा पापुद्रा होतो. बोंडावर बसलेली धूळ वेचणीत कापसाबरोबर येते आणि बाजारात प्रत खाली धरली जाते. खाणीतल्या सुरुंगांनी घराच्या भिंतीला तडा गेला तर तो सुरुंगाचा की जुनाट बांधकामाचा, हा वाद वर्षानुवर्षे चालतो. खरे तर तो सोडवण्याचे माप हातात आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार गावातल्या साध्या घरांजवळ, कंपनाची वारंवारता कमी असेल तेव्हा, हादऱ्याचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. यंत्र आकडा टिपते. तो गावकऱ्यांना दाखवला जात नाही, म्हणून वाद उरतो. ज्या थरांत सरफेस मायनर चालतो तिथे सुरुंगाशिवाय दगड कापता येतो. गावालगतच्या भागात तरी हा पर्याय आधी तपासला पाहिजे.

यावर करायचे काय? पहिले म्हणजे धूळ जन्मते तिथेच पकडावी. पॅकरवर, गोण्यांच्या पट्ट्यावर आणि ट्रक भरण्याच्या जागी शोषक यंत्रणा हवी, गोण्या यंत्राने लादल्या जाव्यात, ड्रिलला पाणी किंवा धूळ संकलक असावा. मास्क हा शेवटचा आधार आहे. त्यावर सगळी भिस्त ठेवणे म्हणजे उपायाचे ओझे कामगाराच्याच तोंडावर बांधणे होय. दुसरे, प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद त्याच्या नावाने, ठेकेदारापासून स्वतंत्र राहावी आणि तिची प्रत त्याच्या हाती असावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांबरोबर सरकारने चाळिशीपुढच्या कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी जाहीर केली. ते स्वागतार्ह आहे. पण विशीत ड्रिलवर चढलेल्याला चाळिशीपर्यंत थांबवू नये. त्याच्या छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांची क्षमता पहिल्या दिवशी आणि पुढे नियमितपणे नोंदली गेली पाहिजे. तिसरे, चिमणीचे आकडे आणि सुरुंगाच्या हादऱ्यांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत, रोजच्या रोज लागावेत.

पैशाची सबब इथे टिकणारी नाही. चुनखडीवर टनामागे ८० रुपये स्वामित्वधन आहे आणि २०१५ च्या आधीच्या खाणपट्ट्यांवर त्याच्या ३० टक्के, म्हणजे २४ रुपये, जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा व्हायचे असतात. भट्टीतून निघणारे आणि दळून सिमेंट होणारे एक टन क्लिंकर बनवायला साधारण दीड टन चुनखडी लागते. वर्षाला १० लाख टन क्लिंकर काढणारी एकच भट्टी अशा खाणपट्ट्यावर चालत असेल, तर तिच्यामुळे सुमारे ३ कोटी ६० लाख रुपये या निधीत येतात. आरोग्य आणि पर्यावरण हे या निधीचे अग्रक्रमाचे विषय आहेत. गडचांदूर किंवा राजुऱ्याला व्यवसायजन्य रोगांची कायमची तपासणी सुविधा उभी करायला आणखी कोणत्या निधीची वाट पाहायची? भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात आहे, खाणकामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारे केंद्रही तिथेच आहे. तज्ज्ञ शोधायला विदर्भाबाहेर जावे लागत नाही.

खाण ब्युरो खाणींना तारे देतो. त्या मूल्यांकनाला एक अट जोडली जावी: ज्या खाणीच्या कंत्राटी कामगारांची आरोग्य नोंद पूर्ण आणि हाती दिलेली नाही, तिला वरचा तारा मिळू नये. कंपन्या टनामागे किती किलो कार्बन कमी केला याचा हिशेब मांडतात आणि तो मांडलाच पाहिजे. कामगाराच्या फुप्फुसांची क्षमताही आकड्यात मोजता येते. चिमणीला मर्यादा घालून ती पाळून घेणारे सरकार आणि ती पाळून दाखवणारे कारखाने, दोघांनीही हे काम अशक्य आहे असे म्हणण्याचा अधिकार गमावलेला आहे.