मीटरचे पाणी आणि पुराचे पाणी

कराडला खेटून, पुणे-बंगळूरु महामार्गावर वसलेल्या मलकापूरने (शाहूवाडीतले किंवा बुलढाण्यातले मलकापूर वेगळे) दीड दशकापूर्वी घरोघरी मीटर बसवून चोवीस तास नळपाणी द्यायला सुरुवात केली. कोयनेचे पाणी, गळती न होणाऱ्या नव्या नळ्या, दुरून वाचता येणारे मीटर आणि वापर वाढला की चढत जाणारा दर, अशी त्याची रचना. तेव्हा तिची चर्चा झाली ती पाणीपुरवठ्याचा प्रयोग म्हणून. आज ती हवामान बदलाच्या अर्थकारणाचा धडा म्हणूनही वाचता येते.

आधी आरोग्याचे पाहू. दिवसातून तास-दोन तास पाणी येते, तेव्हा उरलेला वेळ नळ्या रिकाम्या असतात. आतला दाब गेला की शेजारच्या गटाराचे पाणी फटीतून आत ओढले जाते. काविळीच्या आणि गॅस्ट्रोच्या साथींचे मूळ अनेकदा इथेच असते. दुसरे संकट पिंपात. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचा डास अंडी घालतो आणि उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत डासांची पुढची पिढी तयार होते. उन्हाळे लांबले, पाऊस बेभरवशाचा झाला, की लोक जास्त साठवतात आणि डासांचेही फावते. नळाला सतत पाणी असेल तर पिंपाची गरजच उरत नाही.

आता पैशाचे. अनियमित पुरवठ्याचा खर्च नगरपालिकेच्या ताळेबंदात दिसत नाही. तो टाकी, मोटर, गॅसवर उकळलेले पाणी, विकतचे जार आणि दवाखान्याचे बिल अशा तुकड्यांत घराघरांवर पडतो. उलट, गळती थांबली की नदीतून उपसलेल्या प्रत्येक लिटरमागची वीज वाचते. म्हणजे एकाच कामाने टंचाईशी जुळवून घेता येते आणि कार्बनही कमी सोडला जातो. शिवाय दरमहा बिल निघते. बिल निघते म्हणून अशा योजनेला कर्ज परवडते.

अडचण पुढे आहे. तीच कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि २००५, २०१९ व २०२१ साली या खोऱ्याने महापूर पाहिले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात दरडींखाली माणसे गेली. दरडीखालची वस्ती हलवायची, नदीकाठचे पंपघर उंचावर न्यायचे, पुराचा इशारा वेळेत द्यायचा, तर यातल्या कशालाच मीटर लावता येत नाही. फायदा प्रचंड, पण तो न झालेल्या मृत्यूंच्या आणि न बुडालेल्या घरांच्या रूपात. त्यातून हप्ता फेडायचा कसा?

जागतिक वाटाघाटींतला खरा वाद इथे येऊन मिळतो. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनला २०२० पासून वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचा शब्द दिला. तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये. त्या वर्षीच्या सरकारी मदतीत दोन-तृतीयांशाहून अधिक कर्जच होते. २०२४ मध्ये बाकूला २०३५ पर्यंत वार्षिक ३०० अब्जांचे उद्दिष्ट ठरले, तेव्हा भारताने ते अपुरे म्हणून जाहीर नाराजी नोंदवली. रकमेवरून बातम्या होतात, पण अनुदान किती आणि कर्ज किती, हा प्रश्न अधिक बोचरा आहे. सौरप्रकल्पाला कर्ज चालते, कारण वीज विकता येते. दरड कोसळण्याआधी वाडी हलवायला कर्ज काढणे म्हणजे, ज्याने धूर सोडला त्याच्या चुकीचे व्याज आपण भरणे. कृष्णा खोऱ्यातल्या पूर नियंत्रणासाठी राज्याने हात पसरला, तोही जागतिक बँकेच्या कर्जासाठीच.

घरातले बोट मात्र फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीला सुमारे १ लाख ६० हजार कोटी रुपये ठरवले. त्यातले ८० टक्के मुख्यतः आपत्तीनंतरच्या मदतीला आणि पुनर्वसनाला, २० टक्के ती टाळण्याला किंवा सौम्य करण्याला. टाळण्यासाठी स्वतंत्र हिस्सा राखला गेला, हेच मोठे पाऊल होते. तरी पूर ओसरल्यावर पंचनामे होतात, सानुग्रह अनुदान मिळते, फोटो निघतात; पूर येण्याआधी केलेल्या खर्चाला कोणी टाळ्या वाजवत नाही.

मलकापूरसारख्या गावाला दोन्ही कामे करायची आहेत. मीटरचे काम ते स्वतःच्या पायावर चालवू शकते. पण नदीकाठची विहीर आणि पंप पुरात गेले, तर चोवीस तास वाहणारा नळही कोरडा पडतो आणि नेमक्या त्याच दिवसांत शुद्ध पाण्याची गरज सर्वाधिक असते. ते पंप उंचावर नेण्याचा खर्च पाणीपट्टीत घातला, तर बिल वाढते आणि सर्वांत आधी थकते ते पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्याचे.